नववी-दहावीच्या मुलांसाठी सुट्टीतली अभ्यासशिबिरं: खरंच कामाची कोणती?

सुरंगी | २ एप्रिल, २२:०५

नमस्कार. थोडं सविस्तर लिहितेय, कारण आठवड्याभरात ठरवायचं आहे.

आम्ही गुहागर तालुक्यात, दाभोळच्या खाडीकाठी राहतो. लेक नववीला आहे, दोन पेपर उरलेत. मागच्या आठवड्यात शाळेत एक गृहस्थ येऊन पत्रकं वाटून गेले. मुंबईत १२ दिवसांचं निवासी 'संशोधक शिबिर', फी ६५,००० रुपये, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. शेवटी प्रत्येक मुलाच्या नावावर एक शोधनिबंध आणि प्रमाणपत्र, 'पुढे परदेशी प्रवेशाला उपयोगी'. १० तारखेच्या आत पैसे भरले तर १०,००० सूट.

लेकीला समुद्रातल्या जिवांचं वेड आहे. सुकती (ओहोटी) लागली की खडपात, किनाऱ्याच्या खडकांत जाऊन बसते, डबक्यातलं काय काय बघते, वहीत चित्रं काढते. वर्गातल्या दोघींनी नावं दिलीत, त्यामुळे रोज विचारते, "आई, काय ठरलं?" दुकानातला फ्रीज बदलायला ठेवलेले पैसे आहेत, ते वळवता येतील. पण तिची हौसच तिथं मोडली तर काय, या विचारानं हात अडतोय.

शिबिर चांगलं आहे हे पैसे भरायच्या आधी कसं ओळखायचं? ज्यांनी मुलांना पाठवलंय त्यांनी कृपया अनुभव लिहा.

निवांत | २ एप्रिल, २२:३१

गो बाय, मे महिन्यात चेडवाक आंबे-फणस खांवदे. आजयेच्या घराक धाड. शिबिरा काय पळान जातत?

कोकम_सरबत | २ एप्रिल, २२:५०

१२ दिवसांत शोधनिबंध? मी एम.एस्सी.ला दोन वर्षं शिंपले मोजले, तेव्हा कुठं एक निबंध झाला. तोही मार्गदर्शकांनी चार वेळा परत पाठवल्यावर.

तांबडीमाती | ३ एप्रिल, ०७:१२

सुरंगीताई, आमचा अनुभव सांगतो. गेल्या वर्षी मुलाला (तेव्हा आठवी) दहा दिवसांच्या रोबोटच्या शिबिराला पाठवलं होतं. नाव देत नाही. ४०,००० रुपये भरले. पत्रकावर एका मोठ्या संस्थेच्या इमारतीचा फोटो होता, म्हणून विश्वास ठेवला. गेल्यावर कळलं, त्या संस्थेचा फक्त हॉल भाड्यानं घेतला होता. तिथल्या एकाही प्राध्यापकाचा शिबिराशी संबंध नव्हता. शिकवायला दोन कॉलेजची पोरं, आणि मुलं ७०.

परत आल्यावर मुलानं खोक्यातून रोबोट काढला. तो काळ्या रेषेवरून बरोबर चालला. मी विचारलं, "वळायचं कधी हे त्याला कसं कळतं?" तो गप्प. मग म्हणाला, "ते दादांनी आधीच भरून दिलं होतं. आम्ही फक्त स्क्रू लावले." मला पैशांपेक्षा त्याचा चेहरा लागला. त्याला आपण काही शिकलो नाही हे कळत होतं आणि घरी सांगायची लाज वाटत होती.

तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारतो: मागच्या वर्षीच्या एखाद्या मुलाची वही बघायला मिळेल का? फोटो नको, व्हिडिओ नको, वही. खरं काम झालं असेल तिथं खाडाखोड असलेली वही असतेच.

केवडा | ३ एप्रिल, ०७:४०

वहीच्या मुद्द्याला +१.

पाटीपेन्सिल | ३ एप्रिल, १३:२६

मी दापोली तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. मधल्या सुट्टीत लिहितोय.

सुरंगीताई, यातलं दुखणं असं की चांगल्या कार्यक्रमांची पत्रकं वाटायला कोणी शाळेत येत नाही, कारण त्यांना मुलं शोधत फिरावं लागत नाही. आणि त्यांची दारं एप्रिलच्या आधीच बंद झालेली असतात. म्हणून पालकांच्या हाती एप्रिलमध्ये उरतं ते पत्रक.

इस्रोचा 'युविका' घ्या. २०१९ पासून सुरू आहे, नववीत शिकणाऱ्या मुलांसाठी. मे महिन्यात साधारण दोन आठवडे इस्रोच्या केंद्रांवर मुक्काम, राहणं-जेवण-प्रवास सगळं इस्रोकडून. निवडीत आठवीचे गुण, ऑनलाइन चाचणी, विज्ञान प्रदर्शन, स्काउट-एनसीसी असं सगळं धरतात. शाळा ग्रामीण भागातली असेल तर त्यालाही वेगळे गुण आहेत. आपल्या मुलांसाठी ही केवढी मोठी गोष्ट! पण नोंदणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास असते. तुमच्या लेकीची वेळ गेली. धाकटं कोणी असेल तर आत्ताच लिहून ठेवा.

दुसरं, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, मानखुर्द. विज्ञान ऑलिंपियाडची शिबिरं एप्रिल ते जूनमध्ये तिथं होतात आणि निवड झालेल्या मुलांकडून फी घेत नाहीत. पण वाट नोव्हेंबरातून सुरू होते. कनिष्ठ विज्ञान ऑलिंपियाडची पहिली परीक्षा दहावीपर्यंतची मुलं देतात, नावनोंदणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, मग जानेवारी-फेब्रुवारीत दुसरी फेरी, त्यातून थोडी मुलं शिबिराला. देशभरातून निवडतात, म्हणजे अवघड आहेच. पण माझ्या शाळेतल्या ज्या मुलांची निवड झाली नाही, त्यांनाही त्या प्रश्नपत्रिकांनी पुस्तकाबाहेर विचार करायला लावलं. जुन्या प्रश्नपत्रिका केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

आपला कोकण विभाग बोर्डाच्या निकालात दरवर्षी राज्यात पहिला. तरी या परीक्षांना माझ्या माहितीतल्या शाळांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं बसतात. मुलांत काही कमी नाही, आम्हा शिक्षकांपर्यंत माहिती वेळेत पोचत नाही, आणि पोचली तर आम्ही ती फळ्यावर लिहीत नाही. मी यंदापासून लिहितो.

बागायतदार_देवगड | ३ एप्रिल, २०:०२

माझं मत वेगळं आहे. हौसेला मोल नाही हे खरं, पण पुढचं वर्ष दहावीचं आणि त्यानंतर नीट-जेईई. तेवढ्या पैशात कोल्हापूरला दीड महिन्याची सुट्टीतली बॅच होते. माझ्या थोरल्याला नववीनंतर तिथं ठेवला, गणिताचा पाया पक्का झाला. आज तो अभियांत्रिकीला आहे. संशोधन वगैरे पदवीनंतर करता येतं.

राजापूरची_गंगा | ३ एप्रिल, २१:१८

@बागायतदार_देवगड, तुमच्या मुलाला उपयोग झाला, आनंद आहे. माझ्या भाच्याला अशाच बॅचला घातलं होतं. सकाळी ७ ते संध्याकाळी ६ दहावीचंच पुस्तक. जूनमध्ये शाळेत पुन्हा तेच धडे आले, तेव्हा पोरगा वर्गात लक्षच देईना, "झालंय हे." आणि चाचणीत गुण तेवढेच. गणित कच्चं असेल तर वर्ग लावावा, नक्की. पण सुरंगीताईंच्या लेकीचं काही कच्चं आहे असं त्यांनी लिहिलेलं नाही. तिला एका गोष्टीची ओढ आहे. त्या वयात ओढ असलेली मुलं किती असतात?

निवांत, तुमचं म्हणणंही मला पटतं. पण आंबे खाऊन उरलेल्या दिवसाचं काय? आमच्याकडे मे महिन्यात निम्मी मुलं आंब्याच्या पेट्या भरायला, काजू वेचायला जातात. त्यांना कुठलंच शिबिर परवडत नाही. त्यांच्यासाठी काय आहे, हेही इथं लिहा कोणीतरी.

समुद्रापार | ४ एप्रिल, ०५:५५

मूळची मालवणची, गेली बरीच वर्षं अमेरिकेत. 'परदेशी प्रवेशाला उपयोगी' या वाक्यावर लिहायलाच हवं.

तांबडीमाती यांनी भाड्याच्या हॉलचं लिहिलंय, इथंही तेच चालतं. नामांकित विद्यापीठाच्या आवारात उन्हाळ्यात खोल्या रिकाम्या असतात, बाहेरच्या कंपन्या त्या घेतात, फी हजारो डॉलर. पैसे भरले की प्रवेश मिळतो. आणि पैसे भरणाऱ्या सगळ्यांना मिळतं ते प्रमाणपत्र कोणता प्रवेश-अधिकारी मोलाचं मानेल?

इथले खरे नावाजलेले कार्यक्रम निराळे. एमआयटीत भरणारा 'रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट' १९८४ पासून चालू आहे, शिकवण्याची फी घेत नाहीत. 'समर सायन्स प्रोग्राम' १९५९ चा. त्याच्या खगोलशास्त्राच्या शाखेत मुलं रात्री जागून लघुग्रहाची निरीक्षणं घेतात आणि त्याची कक्षा स्वतः काढतात. गणिताचे 'रॉस' (१९५७) आणि बॉस्टनचा 'प्रॉमिस' (१९८९), दोन्ही सहा आठवड्यांचे.

रॉस आणि प्रॉमिस यांच्या अर्जातच गणितं असतात. मुलांनी ती घरी बसून काही आठवडे सोडवायची. उत्तर चुकलं तरी कुठून कसा विचार केला ते लिहायचं. ती गणितं संकेतस्थळावर सगळ्यांना खुली असतात. माझ्या मुलाची निवड झाली नाही. पण जेवणाच्या टेबलावर तो एकाच गणितावर नऊ दिवस बसला होता. नवव्या रात्री साडेअकराला आम्हाला उठवून त्यानं ते समजावलं. मला तरी निवड होण्याआधीच त्यांची शिकवणी सुरू झाल्यासारखी वाटली. राजापूरची_गंगा, पेट्या भरणाऱ्या मुलांनाही हे पैशांशिवाय करता येईल, फक्त भाषेची अडचण कोणीतरी सोडवून द्यायला हवी.

तुमच्या पत्रकावाल्यांना विचारा: अर्जात मुलीला काय लिहायचं आहे? फक्त नाव, पत्ता आणि बँकेचा तपशील असेल तर समजा.

अबोली_० | ४ एप्रिल, ०९:३०

मुलगी निवासी शिबिराला जाणार असेल तर आधी हे विचारा: रात्री मुलींच्या मजल्यावर कोण बाई असते, तिचं नाव-नंबर लेखी मिळेल का, ताप आला तर कोणत्या दवाखान्यात नेणार, घरी फोन रोज करता येईल का. माझ्या पुतणीच्या वेळी आयोजकांनी "काळजी करू नका" एवढंच सांगितलं. आम्ही पाठवलं नाही, आणि त्याचं आम्हाला अजून वाईट वाटत नाही. पैसे परत मिळण्याचा नियमही कागदावर घ्या.

शिडाची_होडी | ४ एप्रिल, ११:०४

थोडं अवांतर. माझ्या मुलीनं सहावीत विजयदुर्गच्या सहलीत ऐकलं की हेलियमचा शोध किल्ल्यावर लागला, लॉकियर नावाचे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ तिथं दुर्बीण लावून बसले होते. तिच्या बाईंनी तेवढ्यावर सोडलं नाही. "शोधून आणा," म्हणाल्या. महिनाभर मुलींनी वाचलं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण विजयदुर्गच्या पट्ट्यात होतं, हे खरं. पण त्या दिवशी ग्रहण बघणारे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, आणि सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा लॉकियरनी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच पाहिली. मुलगी घरी येऊन म्हणाली, "बाबा, पाटीवर लिहिलेलंसुद्धा तपासायचं असतं." एक पैसा खर्च न होता जे झालं ते असं.

कोकम_सरबत | ४ एप्रिल, ११:२०

@शिडाची_होडी, त्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

खाजण | ४ एप्रिल, २३:४८

सुरंगीताई, मी मत्स्यशास्त्राचा पदवीधर, शिरगावला शिकलो, आता कोळंबी प्रकल्पावर आहे. दिवसभर तळ्यावर होतो म्हणून उशीर झाला.

तुमची लेक ज्या खडपात बसते तिथं यायला मुंबई-पुण्याची मुलं पैसे भरतात. आधी तिला रत्नागिरीला झाडगावच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रात न्या. तिथं मत्स्यालय आणि संग्रहालय आहे. नुसतं बघून येऊ नका, तिची वही घेऊन जा आणि तिथल्या कोणालातरी दाखवा. केंद्र कोकण कृषी विद्यापीठाचं आहे. ते विद्यापीठ १९७२ चं, दापोलीचं, म्हणजे धोपाव्याची फेरीबोट ओलांडली की तुमच्यापासून फार लांब नाही. पुढे कधी गोव्याला गेलात तर दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. 'युविका'सारखी एक सूचनाही लक्षात ठेवा: सीएसआयआरचा (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचा) 'जिज्ञासा' उपक्रम शाळेच्या मुलांना प्रयोगशाळांशी जोडतो. शाळेनं संस्थेला पत्र लिहावं लागतं. पाटीपेन्सिल सरांसारख्यांनी हे करून बघावं.

आता सुट्टीतलं काम. आमचे आजोबा भरतीची वेळ घड्याळाशिवाय सांगायचे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. तुमच्या घरातही कोणीतरी हे सांगत असेल. लेकीला सांगा, जेटीच्या पायऱ्यांवर खडूनं आकडे घाल आणि महिनाभर रोज भरतीची वेळ आणि पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलं ते लिही. सोबत तिथी लिही. मग आजोबांचं गणित किती बरोबर येतं ते तिचं तिनं काढू दे. उत्तर मी सांगत नाही.

जेटीवर एकटी नको, आणि रात्रीची भरती सोडून दिली तरी चालेल.

बागायतदार_देवगड | ५ एप्रिल, ०६:४०

खाजण, हे मात्र मला आवडलं. आमच्याकडेही असं काही करता येईल का? साका झालेल्या, म्हणजे कापल्यावर आतून खराब निघालेल्या आंब्याचा हिशेब मी आजवर ठेवला नाही. कोणत्या झाडाचे, कोणत्या तोडणीचे, किती कापले, किती निघाले. धाकटी सातवीत आहे.

खाजण | ५ एप्रिल, ०७:०५

@बागायतदार, जरूर. तुमच्याकडे 'रत्ना'ची कलमं असतील तर हापूस आणि रत्ना दोन्हीची तुलना करायला सांगा. नीलम आणि हापूसच्या संकरातून आलेली ही विद्यापीठाची जात साका होत नाही म्हणून नावाजलेली आहे. झाडांना नंबर देऊन सुरुवात करा.

सुरंगी | ९ एप्रिल, २१:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. मी शिबिरवाल्यांना फोन केला. विचारलं, शिकवणार कोण? म्हणाले, "तज्ज्ञांची टीम आहे." नावं? "शिबिराच्या आधी कळवू." मागच्या वर्षीची एखादी वही? "आम्ही अंतिम निबंध दाखवू शकतो." त्यांनी दोन निबंध पाठवले. लेकीनं वाचायला घेतले आणि अर्ध्या तासानं म्हणाली, "आई, दोन्हीची सुरुवात सारखीच आहे. फक्त माशाच्या जागी झाड आहे."

पैसे भरले नाहीत. ती दोन दिवस रुसली होती, खोटं का सांगू. मैत्रिणी जाणार आणि ती नाही. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी तिला पाऊणपटीचं गणित शिकवलं. खाजण, तुम्ही म्हणालात तसं, त्यांना ते पाठ होतं, आम्हीच कधी विचारलं नव्हतं.

पाटीपेन्सिल | १० एप्रिल, १३:१५

कनिष्ठ विज्ञानाची नोंदणी सुरू झाली की याच धाग्यावर लिहीन.

निवांत | १० एप्रिल, १४:००

आंबे तरी खाल्ल्यान मां?

सुरंगी | १० एप्रिल, १४:२२

खाल्ल्यान. रायवळ, कोयीसकट चोखून.

सुरंगी | ८ जून, २०:३५

धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं आहे.

मासेमारीची बंदी लागली, जेटीवरच्या होड्या शाकारून झाल्या, त्यामुळे पायऱ्या आता मोकळ्या आहेत. लेकीनं ४१ दिवसांच्या नोंदी केल्या. सहा दिवस चुकले: चार लग्नांमुळे, दोन तापामुळे. त्या जागा तिनं वहीत रिकाम्या ठेवल्यात. मी म्हटलं, अंदाजानं भर. तर माझ्यावरच चिडली.

आजोबांच्या गणितानं भरती दर तिथीला ४५ मिनिटं पुढे जायला हवी. तिची सरासरी पन्नासच्या जवळ आली. आधी तिला वाटलं आपलं घड्याळ चुकतंय. मग लक्षात आलं की रोज सारखी पुढे जातच नाही. उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास) जेमतेम चाळीसेक मिनिटं, आणि भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या सुमारास) तासाच्या वर. हे तिनं आजोबांना दाखवलं. ते वही डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत होते. म्हणाले, "भांगाला पाणी रेंगाळतं, हे आम्हाला ठाऊक होतं. किती रेंगाळतं ते कोणी मोजलं नव्हतं."

झाडगावला जाऊन आलो. तिथल्या एका बाईंनी तिच्या वहीतली चित्रं अर्धा तास पाहिली, तीन नावं दुरुस्त करून दिली आणि देवमाशाच्या सांगाड्यापाशी उभं करून पुष्कळ सांगितलं.

मुंबईला गेलेल्या दोघींपैकी एकीला खूप आवडलं म्हणे, मुख्यतः नव्या मैत्रिणी मिळाल्या म्हणून. तेही कमी नाही. दुसरी आता लेकीबरोबर जेटीवर येते.

खाजण, तिचा प्रश्न जसाच्या तसा: चंद्र तर रोज सारखाच उशिरा उगवतो असं पुस्तकात आहे, मग भरतीच कधी कमी आणि कधी जास्त उशिरा का?

खाजण | ८ जून, २३:१०

तिला सांगा, सूर्यही पाणी ओढतो. उधाणाला दोघं एका रेषेत, भांगाला काटकोनात. कागदावर दोन वर्तुळं काढून भरतीचा फुगवटा कुणाच्या बाजूला सरकतो ते रोजच्या रोज मांडून बघ म्हणावं. आणि चंद्र 'रोज सारखाच' उशिरा उगवतो का, तेही तिनं खाडीवरूनच घड्याळ लावून पाहावं. पावसात ढग असतील, ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागेल.

पाटीपेन्सिल | २७ ऑगस्ट, १३:०८

सुरंगीताई, नोंदणी सुरू झाली आहे. शाळेला आजच सांगा. जवळ केंद्र नसेल तर मला निरोप पाठवा. आमच्या शाळेतून यंदा अकरा जण बसतायत, त्यांच्याबरोबर गाडीत एक जागा आहे.

सुरंगी | २७ ऑगस्ट, १९:४४

सर, दोन जागा ठेवाल का? मैत्रीणही बसतेय.